पूर्ण साजासकट अकरा किलो

१

सायकल आकड्याला टांगली, काट्यावर अंक उमटले, आणि हॉलमधल्या टाळ्या अर्ध्यावरच विरल्या.

सतरा किलो चारशे.

टाळ्या वाजवायला बसलेली मंडळी साधीसुधी नव्हती. ऑफिसांनी भरलेल्या एका उंच इमारतीत नोकरी करणारी, गाडी घरी ठेवून सायकलवर कामाला येणारी आणि त्या पुण्याईवर उरलेल्या जगाची कीव करणारी अशी ही सायकल मंडळाची माणसं होती. मंडळाचे अध्यक्ष तर या पंथाचे महंतच. "मडगार्ड, कॅरियर, स्टँड, दिवे, घंटी, कुलूप, असा सगळा साज चढवूनही माझी सायकल अकरा किलो चारशे भरते," हे वाक्य त्यांनी इतक्या सभांत ऐकवलं होतं की ते सुरू झालं की त्यांची बायको उठून दुसऱ्या खोलीत जात असे. एक कारखाना त्यांच्या सायकलीबरहुकूम माल काढायच्या बेतात होता. त्या कारखान्याची दोन माणसं आज पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

बरं, वाक्य हवेतलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात, याच हॉलमध्ये, याच काट्यावर अकरा चारशे हा आकडा साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

अध्यक्षांनी अंकांकडे पाहिलं, पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि गर्रकन वळून ओरडले, "चोरी! माझ्या सायकलीचे हलके भाग काढून भंगार बसवलंय! तळघरातली ती मिस्त्रीणबाई! तिच्याकडेच असते सायकल दुरुस्तीला."

मंडळाची नवी चिटणीस म्हणाली, "सर, काटा एकदा तपासून बघू या का?"

"काट्याला काय धाड भरलीय? काटा ठणठणीत आहे. माणसं नासकी आहेत."

तळघरातून मिस्त्रीणबाईला बोलावून आणलं. हाताचं वंगणसुद्धा पुसू दिलं नाही. ती एवढंच म्हणाली, "साहेब, ही सायकल आधीपासूनच एवढी जड आहे."

"चोराच्या उलट्या बोंबा!" अध्यक्ष गरजले. येत्या शनिवारी सभा घ्यायची आणि तळघरातलं तिचं दुकान खाली करायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

संध्याकाळी मिस्त्रीणबाईनं हे सगळं आपल्या नणंदेला सांगितलं. नणंद म्हणजे वजनमापे खात्यातली निवृत्त निरीक्षक. पारडं समतोल दाखवायला व्यापारी खाली जो पासंग बांधतात, तो शोधण्यात तिनं सारी नोकरी घालवली. बाजारपेठेत तिचं नाव पासंगबाई पडलं होतं आणि ते तिला मनापासून आवडत असे. माणसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. ज्यांना ती ओळखत नव्हती त्यांच्याबद्दल वाईट होतं, आणि ज्यांना ओळखत होती त्यांच्याबद्दल त्याहून वाईट. भाऊ गेल्यावर भावजयीनं त्याचं पान्यांचं खोकं उचलून दुकान चालवायला घेतलं, तेव्हाही तिनं नाकच मुरडलं होतं.

"घेतलेस का गं भाग?" तिनं सरळ विचारलं.

"नाही वन्सं. दुकान गेलं तर एक वेळ दुसरीकडे रस्त्यावर बसेन. पण चोर म्हटलंय त्यांनी, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. चोराकडे सायकल कोण देणार?"

पासंगबाईला रडणारी माणसं सहन होत नसत. भावजय रडत नव्हती, म्हणून ती दुसऱ्या दिवशी चप्पल घालून निघाली.

२

"तुम्ही तिच्या नणंद ना?" अध्यक्ष हसून म्हणाले. "मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं!"

"तिचे सगळे दुर्गुण मला तोंडपाठ आहेत. त्यात चोरी नव्हती. नवीन भर पडली असेल तर बघून जावं म्हटलं."

नणंद भावजयीच्या विरुद्ध साक्ष द्यायला आली, अशी अध्यक्षांची समजूत झाली. त्यांनी खुशीत येऊन तिला सायकल दाखवली. मंडळाच्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्यावर दिव्यांपासून दुहेरी बॅगेपर्यंत इतका संसार लादला होता की आता फक्त पाळणा बांधायचा राहिला होता.

"कॅरियर विमानाच्या धातूचा होता," अध्यक्ष सांगू लागले. "मडगार्ड तर कागदासारखे. स्टँड उचलला तर हातात काही आहे असं वाटू नये. आणि आता हे बघा. लोखंड! शुद्ध लोखंड!"

"काय हो हे जग!" पासंगबाई म्हणाली. "पाना आहे का?"

तिनं कॅरियरची पट्टी सैल करून बाजूला सारली. पट्टीखालचा फ्रेमचा रंग नवाकोरा होता, आणि त्याच्या कडेला वर्षानुवर्षांच्या धुळीची काळी रेघ बसली होती. रेघ एकच होती, आणि याच पट्टीच्या मापाची होती. दुसऱ्या कुठल्या कॅरियरची पट्टी तिथे कधी बसली असती, तर तिचा वेगळा ठसा उमटला असता. मडगार्डच्या काड्यांखाली तेच दिसलं आणि स्टँडच्या खालीही तेच. शेवटी तिनं फ्रेमची नळी टिचकीनं वाजवली. आत कोणी शिसं-बिसं ओतलंय का, तेही बघून घ्यावं. नळी पोकळच वाजली.

"बघितलंत ना भंगार?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांची नजर मोबाइलवर होती.

"बघितलं."

पट्ट्या होत्या तशा आवळून ती बाहेर पडली. जन्मापासून या सायकलीवर हेच लोखंड होतं. भाग बदललेच नव्हते, त्यामुळे चोरीचा प्रश्नच नव्हता. पण मग गेल्या वर्षी अख्ख्या हॉलनं अकरा चारशे पाहिले ते काय? हॉलमधली माणसं मूर्ख असतील याबद्दल तिला शंका नव्हती, पण सगळी एकदम आंधळी असणं जरा कठीणच होतं.

३

तळघराची दुसरी किल्ली मंडळाच्या उपाध्यक्षांकडे असे. हे दातांचे डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना याच इमारतीत होता. अध्यक्षांचं नाक कापलं गेलं तर खुर्ची आपोआप यांच्याकडे येणार होती, म्हणून पासंगबाई आधी तिकडे वळली.

"मला अध्यक्षपद? छे, छे!" डॉक्टर म्हणाले. पाहुण्यानं ताटात तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणावं, तसं ते वाटलं.

त्यांची सायकल दवाखान्याच्या दारातच उभी होती, पेशंटच्या नजरेत भरावी अशी. "बारा किलो शंभर," विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं. "साजासकट बरं का! गेल्या मेळाव्यात दुसरा नंबर होता."

"ही पण मिस्त्रीणबाईकडेच असते का?"

"मुळीच नाही. माझ्या सायकलीला मी परक्याचा हात लागू देत नाही. तेल घालण्यापासून सगळं स्वतः."

"उचलून बघू?"

"बघा ना! एका हातानं येईल."

एका हातानं ती जागची हलली नाही. दोन्ही हातांनी उचलली, तेव्हा पासंगबाईच्या खांद्यानं काय ते सांगितलं. आयुष्यभर पोती आणि वजनं उचललेला खांदा होता तो, पाव-अर्ध्या किलोला चुकेल, पण सहा किलोंना चुकणार नाही. डॉक्टर तिच्याकडे अशा कौतुकानं बघत होते की त्यांनी स्वतः ही सायकल कधी उचलली असेल, यावर तिचा विश्वास बसेना. चाकं असलेली वस्तू उचलायची वेळ माणसावर येतेच कुठे?

"या वर्षी किती भरली?" तिनं विचारलं.

"त्या गोंधळानंतर टांगली नाही हो. मूडच गेला."

"इतरांनी टांगल्या?"

"कोणीच नाही. सगळ्यांचाच मूड गेला."

एवढ्या माणसांचा मूड एकदम, एकाच क्षणाला गेला, हे पासंगबाईनं मनात नोंदवलं.

चिटणीस तिसऱ्या मजल्यावर हिशेबतपासणीच्या ऑफिसात होती. मंडळात नवी, कामसू, आणि आता पार घाबरलेली. "काटा मीच लावला होता," ती म्हणाली. "दर वर्षी म्हणे सर स्वतः लावतात. या वेळी ते कारखान्याच्या माणसांना आणायला खाली गेले होते, म्हणून मी लावला. सायकल टांगायचे कापडी पट्टे आकड्याला अडकवले, शून्याचं बटन दाबलं, आणि ते आल्याबरोबर सायकल टांगली. आकडा आल्यावर काटा तपासू या म्हटलं, तर काटा ठणठणीत आहे म्हणून मलाच गप्प केलं. माझं काही चुकलं का हो?"

"काटा कुठाय?"

काटा तिच्याच कपाटात होता. पासंगबाईनं खालच्या दुकानातून पाण्याच्या एक-एक लिटरच्या सीलबंद बाटल्या मागवल्या, दहा बाटल्या पिशवीत भरल्या आणि टांगल्या. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. पाण्याला कोणाची भीड नसते. काट्यानं दहा किलो आणि वर बाटल्या-पिशवीपुरते थोडे ग्रॅम दाखवले.

काटा बरोबर होता. भाग तेच होते. गेल्या वर्षीचे अकराही सगळ्यांनी पाहिलेले. म्हणजे सायकलनं वर्षभरात अंग धरलं, असंच आता म्हणायला हवं होतं.

४

तळघरातल्या दुकानात भावजय सामान आवरत होती. पाने फडक्यात गुंडाळून झाले होते. भिंतीवरच्या ट्यूब अजून तशाच लोंबत होत्या.

"इतक्यात कशाला आवरतेस?" पासंगबाई खेकसली.

"शनिवारी फेकून देतील वन्सं. फेकलेलं उचलण्यापेक्षा आधीच उचललेलं बरं."

बसायला जागा करायची म्हणून पासंगबाईनं कोपऱ्यातला एक लोखंडी दांडा बाजूला सरकवला आणि तिच्या मनगटाला कळ लागली. जाडजूड दांडा होता, दोन्ही टोकांना साखळ्या आणि आकडे जोडलेले.

"हे काय धूड आहे?"

"अध्यक्षांनी करून घेतलाय. मेळाव्यात सायकली टांगायला. पण म्हणाले, याच्या आकड्यांनी रंगाला ओरखडे पडतात. मग पट्टे शिवून घेतले."

"म्हणजे हा पडूनच असतो?"

"नाही. मेळाव्याच्या सकाळी स्वतः येऊन नेतात, संध्याकाळी आणून ठेवतात. या वर्षी न्यायला आले तेव्हा कारखान्याची माणसं सोबत होती, आणि वरून निरोप आला की चिटणीसबाईंनी काटा लावून झालाय. तसेच परत गेले."

"ओरखडे पडतात, सायकल टांगत नाहीत, तरी दर वर्षी नेतात?"

भावजयीचा हात फडक्यावरच थांबला. "मी कधी बघितलं नाही वन्सं. मेळाव्याला मला बोलावत नाहीत."

पासंगबाईनं वरून काटा आणि पट्टे मागवून घेतले आणि दांडा काट्याला लावला. सात किलो. मग पट्टे लावले. एक किलो. ती मटकन स्टुलावर बसली आणि हसायला लागली. भावजयीनं तिला असं हसताना नात्यातल्या एका लग्नात, नवरदेवाच्या वडिलांचा पाय घसरला तेव्हा, एकदाच पाहिलं होतं.

"गल्लीतला भाजीवालासुद्धा एवढी मेहनत घेत नाही गं! तो बिचारा पारड्याखाली चिंधी बांधतो. आणि हे एवढे शिकलेसवरलेले!"

पण हसू ओसरलं तसं तिचं तोंड कडू झालं. अध्यक्ष सापडले होते. अडचण हॉलची होती. तिथल्या प्रत्येकाला गेल्या वर्षी सहा किलो फुकट मिळाले होते. भावजय चोर नाही असं म्हणायचं, तर त्यातल्या प्रत्येकाला ते परत करावे लागणार होते. माणसं पैसे परत करतात, पण मोठेपणा परत केलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"एक काम कर," ती म्हणाली. "शनिवारी पुराव्याला सगळ्यांच्या सायकली वर मागवल्यात, असं चिटणीसबाईंकडून कळव. पुराव्याला म्हटलं की येतील. त्यांना वाटेल पुरावा तुझ्याविरुद्धच आहे."

५

शनिवारी हॉल सायकलींनी गजबजला. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर अन्याय सोसणाऱ्या थोर माणसाचा भाव होता, आणि पहिल्या रांगेत कारखान्याची दोन माणसं पुन्हा येऊन बसली होती. भावजय दाराशी उभी होती. तिला बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मी थोडक्यात सांगते," पासंगबाई उठून म्हणाली. "चिटणीसबाई, पट्टे लावा, शून्य करा, आणि आधी डॉक्टरांची सायकल टांगा."

"माझी कशाला?" डॉक्टर दचकले.

"कारण तिला तुम्ही परक्याचा हात लागू देत नाही."

सायकल टांगली. अठरा किलो शंभर.

"गेल्या वर्षी बारा शंभर. बरोबर सहा वाढले. मिस्त्रीणबाईनं हिला कधी हातही लावला नाही. मग सहा किलोंची चोरी घरातल्या कोणी केली का, डॉक्टर?"

कोणीतरी फिसकन हसलं. पासंगबाईनं त्या हसणाऱ्याचीच सायकल पुढे घ्यायला लावली. त्याची सहानं वाढली, त्याच्या शेजाऱ्याचीही सहानं. चौथी सायकल टांगली तेव्हा हॉलमध्ये हसायला कोणी उरलं नव्हतं.

"चोर वेगवेगळ्या सायकलींतून नेमके सहा-सहा किलो तोलून नेत नसतो. फरक सायकलींत नाही. अध्यक्षांच्या कॅरियरखाली मी स्वतः बघितलंय, एक भाग बदललेला नाही. तेव्हा फरक गेल्या वर्षीच्या शून्यात होता." तिनं लोखंडी दांडा उचलून टेबलावर आदळला. "शून्याचं बटन दाबलं की त्या वेळी जे टांगलेलं असेल त्याचं वजन हा काटा पुढच्या प्रत्येक मापातून वजा करतो. हा दांडा सात किलोचा. आधी हा टांगून शून्य करायचं, मग रंगाला ओरखडे नकोत म्हणून हा काढायचा आणि एक किलोचे पट्टे लावायचे. झालं! काटा सात वजा करतो, टांगलेलं असतं एक. सगळ्यांचे सहा गायब. पट्टे रिकामे लोंबत असताना काट्यावर उणे सहा दिसत असणार. पण रिकाम्या काट्याकडे बघतो कोण? जो तो आपल्या आकड्याची वाट बघत बसलेला."

"अनवधानानं झालं असेल," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तांत्रिक बाब आहे. मला काय कल्पना!"

"तुम्हाला कल्पना होती, आणि ती तुम्हीच सांगितलीत." पासंगबाईचा सूर आता अगदी गोड झाला. बाजारपेठेत तो सूर ऐकला की व्यापाऱ्यांना घाम फुटत असे. "मी उभ्या जन्मात हजारो माणसं काट्यापुढे बघितली. आकडा मनाविरुद्ध आला की माणूस काय करतो? काट्याला शिव्या घालतो. हमाल घालतो, सावकार घालतो, स्वतःचं वजन करायला चढलेली बाई घालते. काटा बिघडलाय, दुसरा आणा! तुमच्या आकड्यात सहा किलोंचा फरक पडला आणि तुम्ही काट्याविरुद्ध चकार शब्द काढला नाहीत. ही पोर तपासू या म्हणाली, तर तिलाच गप्प केलंत. काटा ठणठणीत आहे म्हणालात. तो या वर्षी पहिल्यांदाच खरं बोलतोय, हे त्या हॉलमध्ये फक्त एका माणसाला माहीत होतं."

पहिल्या रांगेतली दोन माणसं उठली, एकमेकांकडे न बघता बाहेर गेली.

आता अध्यक्षांवर गहजब होईल असं कोणालाही वाटलं असतं. पासंगबाईला वाटलं नव्हतं, आणि तसं झालंही नाही. मंडळी अध्यक्षांवर चिडलेली नव्हती. ती चिडली होती तिच्यावर, नाहीतर दाराशी उभ्या असलेल्या बाईवर. मागून आवाज आला, "पण एकूण प्रकरण संशयास्पदच आहे." दुसरा म्हणाला, "दुकान हलवलं तर वादच मिटेल." डॉक्टर म्हणाले की तळघरात तसाही ओलावा असतो.

"हलवा की," पासंगबाई म्हणाली. "मग मी पोलिसांत तक्रार देते. चोरी झालीय ना? एवढ्या सायकलींतून सहा-सहा किलो! सगळ्या सायकली पुराव्यादाखल जमा होतील, पोलीस ठाण्याच्या अंगणात एकेक करून तोलल्या जातील, आणि आकडे बघायला वार्ताहर येतील."

दोघातिघांनी आपापल्या सायकली जवळ ओढल्या. मग अध्यक्षच घसा खाकरून म्हणाले, "मिस्त्रीणबाई निर्दोष आहेत, असा मी ठराव मांडतो." हात भराभर वर झाले. अध्यक्षांचा सगळ्यांत उंच होता. एवढं झाल्यावर ते आभार मानायच्या बेतात होते, हे पाहून पासंगबाईला निर्लज्जपणाचंसुद्धा थोडं कौतुक वाटलं.

"थांबा," दारातून आवाज आला.

भावजय पुढे आली. इतक्या माणसांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असावी, पण आवाज कापत नव्हता.

"ठराव तुमच्याजवळच ठेवा. माफी पण नको. मला चोर म्हणालात ते मोठ्यानं म्हणालात साहेब. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. आता तुमच्या सायकलीचं वजन तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

"आता त्याची काय गरज..."

"काट्यावर टांगली होती ना? काय दिसलं?"

अध्यक्षांनी हॉलभर नजर फिरवली. कोणी त्यांच्याकडे बघेना. जो तो आपल्या चाकांकडे बघत होता.

"सतरा," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"सतरा किलो चारशे!"

तो आवाज खरोखरच जिन्यापर्यंत गेला. महंतांच्या तोंडून खरा आकडा निघाला आणि त्यांच्या अंगातली हवाच गेली. ते मुकाट्यानं खुर्चीत बसले.

"बरं," भावजय म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळली. "आता तुमची सांगा. मग यांची, मग त्यांची. कोणी उठायचं नाही. मला खाली घाई नाही."

एकामागून एक उठून माणसं आपापला आकडा सांगू लागली. पासंगबाईनं आपली खुर्ची ओढून दाराशी आणली, भावजयीपुढे ठेवली आणि म्हणाली, "बस गं. उभ्यानं कशाला ऐकतेस?"